तुटक रेघा

सिंगापूरच्या फोर्ट कॅनिंग टेकडीच्या पोटात एक तळघर आहे. जमिनीखाली सुमारे नऊ मीटर, जाड काँक्रीटच्या भिंती, अरुंद बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना खुराड्यासारख्या खोल्या. त्याला ‘बॅटलबॉक्स’ म्हणतात. मलायातल्या ब्रिटिश लष्कराचं मुख्यालय या टेकडीवर होतं आणि १५ फेब्रुवारी १९४२ च्या सकाळी जपान्यांना शरण जायचं ते याच तळघरात ठरलं. लोक येतात ते मुख्यतः ती बैठकीची खोली बघायला. मी रेंगाळलो टेलिफोन एक्सचेंजच्या खोलीत. जेमतेम चारदोन माणसं मावतील एवढी जागा. एक भिंत, त्या भिंतीतून बाहेर पडलेल्या तारा. या तारा कुठे कुठे जात असतील, एवढाच विचार डोक्यात घोळत राहिला.

त्याला कारण आहे. नोकरीची काही वर्षं मी अशाच तारांचे नकाशे काढण्यात घालवली आहेत. फोनच्या नव्हे, माणसांच्या. कोण कुणाला जबाबदार, कुणाची सही लागणार, कुणाला फक्त प्रत पाठवायची. या आराखड्यांत दोन प्रकारच्या रेघा असतात. सलग रेघ म्हणजे हुकूम. तुटक रेघ म्हणजे ‘समन्वय’. तुटक रेघ ओढायला अतिशय सोपी असते. दोन वरिष्ठांपैकी कुणालाच दुखवायचं नसलं की ती ओढतात. एकदा एका संयुक्त कामावर मला बारा माणसं मिळाली होती. काम मी सांगायचं, पण त्यांची रजा, बढती आणि कानउघाडणी त्यांच्या मूळ विभागाकडे. तिसऱ्याच आठवड्यात एक जण नम्रपणे म्हणाला, “सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मला आधी तिकडे विचारावं लागेल.” त्या ‘तिकडे’ला मी पुढे दीड वर्ष तोंड दिलं. माझ्या बाबतीत बिघडून बिघडलं काय, तर एक अहवाल उशिरा गेला. सिंगापुरात त्याच ‘तिकडे’मुळे काय झालं, ते वाचायला लागलो आणि वाचतच राहिलो.

आपल्याकडे शिबंदी हा छान शब्द आहे. किल्ल्यात कायम राहणारी, पगारावरची फौज. परमुलखातली, समुद्रापारची शिबंदी ही मात्र वेगळीच चीज असते. तिला घरून येणारी रसद लांबची, घरून येणारा हुकूम त्याहून लांबचा. त्यामुळे ती उभी करताना तोफा किती आणि बटालियन किती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो की घरी न विचारता काय करायची मुभा कुणाला आहे. सिंगापूरच्या बाबतीत तोफांचा हिशेब वीस वर्षं चालला. मुभेचा हिशेब शेवटच्या सव्वा वर्षात उरकला.

मूळ योजना साधी होती. उत्तर किनाऱ्यावर सेंबावांगला मोठा नाविक तळ बांधायचा. तो १९३८ मध्ये सुरू झाला. आरमार मात्र युरोपातच ठेवायचं. जपानने हल्ला केला तर आरमार निघेल, आणि ते पोहोचेपर्यंत शिबंदीने तळ धरून ठेवायचा. आरमाराला किती दिवस लागतील याचा अधिकृत आकडा असे. तो आधी ४२ दिवस होता. मग ७० झाला. जुलै १९३९ मध्ये ९० आणि युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये १८०. दर वेळी आकडा वाढला की शिबंदीचं काम बदलत होतं. दीड महिना दार लावून बसणं वेगळं आणि सहा महिने आख्खा मलाया द्वीपकल्प राखणं वेगळं. दार लावून बसायला सेनापती लागत नाही, जाडजूड दार लागतं. द्वीपकल्प राखायला मात्र रोज कुणीतरी ठरवावं लागतं.

(तोफांची तोंडं समुद्राकडे होती, त्या मागे वळतच नव्हत्या म्हणून सिंगापूर पडलं, असं आजही ऐकायला मिळतं. पंधरा इंची तोफांपैकी काही जमिनीकडे वळत होत्या आणि त्यांनी मारा केलाही. अडचण दारूगोळ्याची होती. बहुतेक गोळे जहाजाचं चिलखत फोडायचे, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. पण ‘तोफा उलट्या होत्या’ हे सांगायला सोपं. आराखडा उलटा होता, हे सांगायला तासभर लागतो.)

ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनने ठरवलं की पूर्वेला एकच सरसेनापती हवा. नेमणूक झाली सर रॉबर्ट ब्रूक-पॉपम यांची. हवाई दलातले निवृत्त अधिकारी, वय ६२, मधल्या काळात केनियाचे गव्हर्नर. हुद्दा भारदस्त: कमांडर-इन-चीफ, फार ईस्ट. मलाया, बोर्निओ, ब्रह्मदेश आणि हाँगकाँग इथलं लष्कर आणि हवाई दल त्यांच्याकडे.

आता त्यांच्याकडे काय नव्हतं ते बघा. नौदल नव्हतं. ज्या नाविक तळासाठी हा सगळा खटाटोप, त्या तळावरचा अ‍ॅडमिरल थेट लंडनच्या अ‍ॅडमिरल्टीला, म्हणजे नौदल खात्याला, जबाबदार. मुलकी कारभार नव्हता. गव्हर्नर सर शेंटन थॉमस हे वसाहत खात्याचे. लष्कराचे आणि हवाई दलाचे रोजचे प्रशासकीय आणि पैशांचे व्यवहारही त्यांच्यातून जात नव्हते. मलायातला लष्करप्रमुख वॉर ऑफिसला लिहीत असे, हवाई दलाचा प्रमुख एअर मिनिस्ट्रीला. नौदलाशी आणि शेजारच्या सरकारांशी त्यांनी विचारविनिमय आणि सहकार्य करायचं होतं. म्हणजे तुटक रेघ. त्यांच्याभोवती कर्मचारीही मोजकेच. माझ्या बारा माणसांची आठवण झाली आणि या म्हाताऱ्याविषयी थोडी कणव वाटली. नंतरच्या इतिहासलेखनात त्यांना झोपाळू, ढिले म्हणून बरंच झोडपलं आहे. असतीलही तसे. पण त्या खुर्चीत चित्ता बसवला असता तरी त्याचे पाय बांधलेलेच होते.

दुभंगाचं ठसठशीत उदाहरण विमानतळांचं. हवाई दलाने मलायाच्या उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर धावपट्ट्या बांधल्या, कारण तिथून समुद्रावर लांबवर मारा करता येतो. हवाई दलाच्या हिशेबाने अगदी बरोबर. पण जमिनीवरून त्या राखायच्या कशा, हे लष्कराला नीट विचारलं नाही. काही तर किनाऱ्याला इतक्या लागून की शत्रू उतरला की थेट हातात. त्या वेळचे लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हे सर्वांना ठाऊक होतं. दोघांनाही बदललं गेलं. एप्रिल-मे १९४१ मध्ये लष्कराकडे पर्सिव्हल आले आणि हवाई दलाकडे पुलफर्ड, आणि या दोघांचं चांगलं जमलं. पण धावपट्ट्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. पुढे आणायची विमानं पुरेशी आलीच नाहीत. उरलं काय, तर रिकाम्या धावपट्ट्या राखण्यासाठी विखुरलेलं पायदळ. भांडण मिटलं तरी भांडणाने बांधलेली भिंत पडत नाही.

मुलकी बाजूचं तर विचारूच नका. मलाया हा एक देश नव्हता. सिंगापूर, पेनांग, मलाक्का यांची मिळून एक वसाहत. पेराक, सेलांगोर, नेग्री सेंबिलान आणि पहांग ही चार संघटित संस्थानं. जोहोर, केदाह, केलांतान, तेरेंगानू आणि पर्लिस ही पाच असंघटित. प्रत्येक सुलतानाशी वेगळा करार. त्यातच लंडनला वाटत होतं की मलायाने रबर आणि कथील भरपूर काढावं, त्याच पैशावर युद्ध चालतं. मग मजूर खंदक खणणार की रबराचा चीक काढणार? दोन्ही हुकूम लंडनचेच, फक्त दोन वेगवेगळ्या खात्यांचे. सप्टेंबर १९४१ मध्ये हा गुंता बघायला मंत्री डफ कूपर आले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांना निवासी कॅबिनेट मंत्री केलं. चार तारा होत्या, पाचवी आली.

हे सगळं ६ ते ८ डिसेंबर १९४१ या तीन दिवसांत एकवटलं.

योजनेचं नाव ‘मॅटाडोर’. जपानी सैन्य थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिंगोरा आणि पतनीला उतरणार, हे ब्रिटिशांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून आपणच आधी सरहद्द ओलांडून सिंगोरा गाठायचं. योजना चांगली, पण तिला दोन अटी. पहिली, जपान्यांच्या किमान एक दिवस आधी निघायला हवं. दुसरी, थायलंड तटस्थ देश, त्यामुळे लंडनची परवानगी हवी. अमेरिकेचं मत काय होईल, हीही धास्ती. अनेक महिने ही परवानगी फक्त लंडन देऊ शकत होतं. ५ डिसेंबरला तार आली: ठरावीक परिस्थितीत तुम्ही आम्हाला न विचारता निघा. सव्वा वर्ष जी मुभा हवी होती ती ब्रूक-पॉपम यांच्या हाती पडली, आणि दुसऱ्याच दिवशी ती वापरायची वेळ आली.

६ तारखेला दुपारच्या सुमारास एका हडसन टेहळणी विमानाने जपानी जहाजांचा काफिला पाहिला. तो सिंगोराकडे निघाला आहे, बँकॉककडे, की नुसतीच हूल? ढग आले, पाऊस आला, काफिला दिसेनासा झाला. नव्या पूर्व आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल फिलिप्स त्या वेळी अमेरिकनांशी बोलायला मनिलाला गेलेले. पर्सिव्हल क्वालालंपूरला. ब्रूक-पॉपम यांनी नौदलाच्या अधिकाऱ्यांशी सल्लामसलत केली आणि थांबायचं ठरवलं. ७ तारखेला बँकॉकहून ब्रिटिश वकिलाची कळवळून तार आली की जपानने आधी पाऊल टाकल्याशिवाय थायी भूमीवर एक इंचही शिरू नका. वकील परराष्ट्र खात्याचे. सहावी तार.

लांबून आलेला अधिकार हा अनोळखी हत्यारासारखा असतो. महिनोन्‌महिने ज्याला सांगितलं की विचारल्याशिवाय हात उचलू नकोस, त्याला एका तारेने ‘आता तुझं तू बघ’ म्हटलं म्हणून तो लगेच हात उचलत नाही. उचलला आणि चुकला तर तटस्थ देशावर आक्रमण केल्याचं खापर त्याच्या एकट्याच्या माथ्यावर. म्हणून ‘धाडस केलं नाही’ हा आरोप मला अर्धवट वाटतो. धाडसाची सवय लावावी लागते, आणि ती सवय आराखडा लावतो.

७ आणि ८ च्या मधल्या रात्री जपानी मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा भारूला उतरले. पर्ल हार्बरच्याही तासभर आधी. किनाऱ्यावर डोग्रा रेजिमेंटची बटालियन होती आणि ती कडवी लढली. इकडे मॅटाडोरसाठी कमरा कसून बसलेली ११ वी भारतीय डिव्हिजन मुसळधार पावसात हुकमाची वाट बघत होती. ८ च्या सकाळी टेहळणी विमानाने जपानी सिंगोरात उतरल्याचं कळवलं, म्हणजे मॅटाडोर संपलं. आता मागे फिरून जित्राला बचाव धरायचा. हा निर्णय पर्सिव्हलपर्यंत जायचा तर ते विधिमंडळापुढे परिस्थिती समजावून सांगायला गेलेले. ते परत आले, मग हुकूम क्वालालंपूरला जनरल हीथ यांच्या कोअर मुख्यालयाकडे, तिथून डिव्हिजनकडे. दुपार झाली. चढाईच्या तयारीत असलेल्या जवानांनी तोंड फिरवलं आणि ते पाण्याने भरलेल्या अर्धवट खंदकांत जाऊन बसले. जित्रा आठवडाभरही टिकलं नाही. त्या पडझडीत १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा एक कॅप्टन जंगलात हरवला आणि जपान्यांच्या हाती लागला. त्याचं नाव मोहन सिंग. त्याच्याकडे पुन्हा येतो.

१० डिसेंबरला फिलिप्स यांची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन जहाजं जपानी विमानांनी बुडवली. ८४० माणसं गेली. फिलिप्स यांनी रेडिओ बंद ठेवला होता. सिंगापुरात लढाऊ विमानांची एक तुकडी त्यांच्यासाठी राखलेली असताना आपण कुठे आहोत हे त्यांनी कळवलं नाही. मदतीचा पहिला संदेश ‘रिपल्स’च्या कप्तानाने पाठवला, तोही हल्ला सुरू झाल्यावर. विमानं पोहोचली तेव्हा खाली पाण्यात माणसं तरंगत होती. नौदल आणि हवाई दल एका हुकमतीखाली असतं तर हे टळलं असतं का? खात्रीने नाही म्हणता येत. पण दोघांना एकच टेबल असतं, तर निदान कुणीतरी विचारलं असतं की अ‍ॅडमिरल सध्या आहेत कुठे.

त्यानंतर पडझड आणि नेमणुका हातात हात घालून चालल्या. २७ डिसेंबरला ब्रूक-पॉपम यांच्या जागी पाउनॉल. १५ जानेवारीला त्यांच्याही वर वेव्हेल: अमेरिकन, ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन अशी चार देशांची संयुक्त कमांड, मुख्यालय जावा बेटावर. ब्रह्मदेशापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला मुलूख एका माणसाकडे. सहा आठवड्यांत ती कमांड विसर्जित झाली. पर्सिव्हल यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचे जनरल गॉर्डन बेनेट होते. त्यांना आपल्या सरकारशी थेट पत्रव्यवहार करण्याचा हक्क होता आणि ते तो वापरत. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने बघितलं तर हे रास्तच होतं. आपली पोरं दुसऱ्याच्या हुकमतीत देणाऱ्या कुठल्याही देशाने ती अट घालावीच. पण प्रत्येक रास्त अट म्हणजे नकाशावर आणखी एक रेघ.

एक गोष्ट इथे आठवते. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हुकमत मुद्दाम विभागलेली असे. बखरकार सभासद सांगतो: गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस, तिघे एका दर्जाचे, आणि तिघांनी मिळून कारभार करायचा. दाणागोटा आणि सामग्री कारखानीसाकडे. माणसं वेगवेगळ्या जातींची. एकट्याच्या मनात आलं तरी किल्ला शत्रूला विकता येऊ नये, हा हेतू. म्हणजे विभागणी वाईट असं नाही. पण तिथे चौघे एका तटाच्या आत होते, चौघांचा धनी एकच होता, आणि विभागणी कशाच्या भीतीपोटी केली हे स्वच्छ ठाऊक होतं. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेल्या दूरच्या जिंजीने पुढे मोगलांच्या वेढ्याला सात वर्षांहून अधिक तोंड दिलं. सिंगापुरातली विभागणी कुणी योजलीच नव्हती. प्रत्येक खात्याने आपला तुकडा सोडला नाही, त्याची ती गोळाबेरीज होती.

शिकतात का लोक? थोडं शिकतात, बहुधा मार खाल्ल्यावर. १९८२ पूर्वी फॉकलंड बेटांवर ब्रिटनची शिबंदी म्हणजे मरीन सैनिकांची एक छोटी तुकडी, आणि गव्हर्नरच नावापुरते सरसेनापती. अर्जेंटिनाने बेटं घेतली, ब्रिटनने परत मिळवली, आणि मग काही वर्षं तिथे दोन खुर्च्या ठेवल्या: एक मुलकी आयुक्त, एक लष्करी आयुक्त. १९८५ मध्ये गव्हर्नरपद परत आलं, पण राज्यघटनेत कलम घातलं: संरक्षणाशी संबंधित बाबीत गव्हर्नरने तिथल्या लष्करी प्रमुखाला विचारायचं आणि त्याच्या सल्ल्यानुसार वागायचं. मला हे वाक्य फार आवडतं. मतभेद झाले तर शेवटी कुणाचं चालणार, हे शांततेच्या काळात, शाईने लिहून ठेवलं.

आपणही १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. तिची हुकमत पुण्याच्या सदर्न कमांडच्या प्रमुखांकडे, पण नौदल आणि हवाई दल आपापल्या मुख्यालयांच्या हुकमतीत, शिवाय कोलंबोतला उच्चायुक्त, दिल्लीतलं सेना मुख्यालय आणि गुप्तचर यंत्रणा. रेघा मोजायला घ्या, सिंगापूर आठवेल. अकराशेहून अधिक जवान तिथे गेले. १९९० मध्ये सेना परतली. २००१ मध्ये अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड झाली, पण तिथेही एक मेख होती. संयुक्त प्रमुख दुसऱ्या दलाच्या माणसाला कामाचा हुकूम देऊ शके, शिक्षा देऊ शकत नसे; त्यासाठी त्या माणसाच्या मूळ दलाकडे जावं लागे. आमच्या त्या बारा जणांसारखंच. तो अधिकार देणारा कायदा संसदेने केला २०२३ मध्ये. बावीस वर्षं लागली. कायद्याच्या नावातच ‘शिस्त’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते कळीचा शब्द तोच. शिक्षा दुसऱ्याच्या हातात असेल, तर तुमच्या हातात आहे ती विनंती.

बॅटलबॉक्समध्ये सांकेतिक संदेश उलगडण्याचीही खोली आहे. १५ फेब्रुवारीला वेव्हेल यांची जावाहून तार आली. शत्रूची हानी करणं शक्य आहे तोवर लढा. ते अशक्य झाल्याची पूर्ण खात्री पटली की प्रतिकार थांबवण्याचा निर्णय तुमचा. मलायात आल्यापासून पर्सिव्हल यांना मिळालेला हा सर्वांत मोकळा अधिकार. तो त्यांनी त्याच दिवशी वापरला. कोटा भारूपासून मोजलं तर तो ७० वा दिवस होता. कधीकाळी आरमार यायला लागतील म्हणून धरलेले, अगदी तेवढेच. रात्री साडेआठला तोफा थांबल्या. बेनेट त्याच रात्री होडीने निसटले. जाताना त्यांनी पर्सिव्हलना विचारलं नाही.

१७ तारखेला भारतीय सैनिकांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर जमवलं. चाळीस हजारांच्या वर माणसं. एका ब्रिटिश कर्नलने त्यांना सांगितलं की आजवर आमचे हुकूम पाळलेत, आता जपान्यांचे पाळा. मग जपानी मेजर फुजिवारा उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना एका शीख कॅप्टनच्या हवाली केलं. जित्राच्या चिखलातून आलेल्या, मोहन सिंगच्या. एका मैदानावर, एका दिवसात, चाळीस हजार माणसांची हुकमत दोनदा बदलली. एकही तार कुठे गेली नाही, कुणाची सही लागली नाही.